परक्या मैदानावरील बरोबरी आणि प्रेक्षकाचा आस्वाद

१

नाटकाचा प्रेक्षक, काव्याचा वाचक आणि संगीताचा श्रोता यांच्या आस्वादाची चर्चा मराठी समीक्षेत विपुल झालेली आहे. क्रीडाप्रेक्षकाच्या वाट्याला मात्र ही चर्चा क्वचितच आली. याचे कारण उघड आहे. मैदानावरील स्पर्धेत पाहणाऱ्याचा जो हर्ष वा विषाद असतो, तो लौकिक मानला जातो. आपला संघ जिंकला म्हणून होणारा आनंद आणि आपल्या घरी पुत्रजन्म झाला म्हणून होणारा आनंद हे एकाच जातीचे. त्यांत आस्वाद कोठला, असा हा आक्षेप आहे. रसचर्चेच्या दृष्टीने तो बिनतोड वाटतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या मार्गातील जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांपैकी दोन तर पक्षाभिमानी क्रीडाप्रेक्षकाला उद्देशूनच सांगितली असावीत असे वाटते. समोरचे सुखदुःख 'माझे' किंवा 'दुसऱ्याचे' अशा ठाम नात्याने पाहणे हे एक विघ्न होय. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे.

विजय आणि पराभव यांच्यापुरता हा आक्षेप मान्य केला, तरी तिसऱ्या निकालाचा प्रश्न उरतोच. सामना बरोबरीत सुटला, म्हणजे 'माझे' काही जिंकले नाही आणि हरलेही नाही. तरीही प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर झुंजून मिळविलेल्या बरोबरीनंतर पाठीराखे कित्येकदा विजयाहूनही अधिक भारावलेले दिसतात. हा भारावलेपणा कोणत्या भावाचा? तो निव्वळ लौकिक हर्ष आहे, की त्यात आस्वादाचा काही अंश आहे? शिवाय, त्याला जे शब्दरूप दिले जाते, ते त्या अनुभवाला न्याय देणारे असते काय? या प्रश्नांचा विचार येथे एका ठळक उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

२

हे उदाहरण १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे झालेल्या भारत-कतार फुटबॉल सामन्याचे आहे. २०२२ ची विश्वचषक स्पर्धा आणि २०२३ ची आशिया चषक स्पर्धा यांच्या संयुक्त पात्रता फेरीतील हा सामना जासिम बिन हमाद स्टेडियमवर खेळला गेला आणि गोलशून्य बरोबरीत सुटला. कतारने त्याच वर्षी १ फेब्रुवारीला जपानचा ३-१ असा पराभव करून आशिया चषक जिंकलेला होता. पात्रता फेरीतील आपल्या पहिल्या सामन्यात त्या संघाने अफगाणिस्तानवर सहा गोल चढविले होते. जागतिक क्रमवारीत भारताचे स्थान शंभराच्या पुढे होते आणि संघाचा कर्णधार व प्रमुख गोलकर्ता सुनील छेत्री तापामुळे खेळू शकला नाही.

सामन्याचा बहुतेक सारा खेळ भारताच्या गोलाकडील अर्ध्या मैदानात झाला. कतारच्या खेळाडूंनी वीसाहून अधिक वेळा गोलाच्या रोखाने फटके मारले. त्या दिवशी कर्णधारपद सांभाळणारा गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने ते परतविले; जे त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत ते बचावफळीने अंगावर घेतले. या बचावफळीत संदेश झिंगनच्या जोडीला मुंबईचा राहुल भेके आणि गोव्याचे आदिल खान व मंदार राव देसाई हे होते. त्यांच्या पुढे मध्यफळीत गोव्याचाच रोलिन बोर्जेस होता. मराठी आणि कोकणी मुलखातील प्रेक्षकाला जवळची वाटावी अशी ही नावे आहेत. भारताने केवळ बचाव केला असेही म्हणता येत नाही. उत्तरार्धात उदांता सिंगचा एक फटका गोलखांबाला थोडक्यात चुकवून बाहेर गेला. तो आत गेला असता, तर प्रस्तुत विवेचनाचा विषयच उरला नसता.

या निकालाचे मोल पुढे आकड्यांतही स्पष्ट झाले. गटातील आठ सामन्यांपैकी सात कतारने जिंकले. त्याचे जे दोन गुण निसटले, ते केवळ या सामन्यात. परंतु ही गोष्ट जून २०२१ मध्ये फेरी संपल्यानंतर कळली. १० सप्टेंबरच्या रात्री प्रेक्षकाच्या मनात जे घडले, त्याचे कारण या आकड्यात शोधता येणार नाही.

३

प्रतिक्रियेचा विचार करण्यापूर्वी मराठी भाषेने या निकालाला कोणते शब्द दिले आहेत, हे पाहणे उपयुक्त ठरेल. क्रिकेटचा सामना 'अनिर्णित' राहतो. फुटबॉलचा सामना 'बरोबरीत सुटतो'. हे दोन्ही शब्द एका अर्थाचे नाहीत. 'अनिर्णित' या शब्दात निर्णयाचा अभाव आहे: वेळ संपली आणि निकाल लागावयाचा राहिला. 'बरोबरी' हा मात्र स्वतःच एक निर्णय आहे. दोन्ही पक्ष तोलले गेले आणि तोल सारखा भरला, असा त्याचा अभिप्राय आहे. 'सुटणे' या क्रियापदाचे नाते तर थेट आखाड्याशी आहे. एकमेकांत गुंतलेल्या मल्लांची कुस्ती पंच 'बरोबरीत सोडवितात'. ती सोडविली जाईपर्यंत दोघेही एकमेकांच्या पकडीत असतात, ही कल्पना या शब्दप्रयोगात जिवंत आहे.

परंतु आखाड्याच्या या परंपरेने मराठी प्रेक्षकाला बरोबरीविषयी एक प्रकारची नावडही दिलेली आहे. कुस्तीच्या फडात मान असतो तो 'निकाली' कुस्तीला. रेंगाळलेली कुस्ती बरोबरीत सुटली, तर प्रेक्षक नाराज होतात. कधी मल्लांच्या हेतूविषयी शंकाही घेतात. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये या वारशाची खूण नावातच दिसते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही तेथील संघांची नावे आहेत आणि पेठापेठांतील त्यांच्या पाठीराख्यांची ईर्ष्या प्रसिद्ध आहे. मात्र हे सारे संघ राजर्षी शाहू स्टेडियम या एकाच मैदानावर खेळतात. तेथे स्वकीय मैदान आणि परके मैदान असा भेद नाही आणि त्यामुळे परक्या मैदानावरील बरोबरीचा विशिष्ट भावही नाही. समान भूमीवरील बरोबरी निकाल न लागल्याची रुखरुख ठेवून जाते. परक्या भूमीवरील बरोबरीला तृप्तीचे रूप येऊ शकते. हा फरक गोलांच्या संख्येत नाही, तर प्रेक्षकाने मनाशी धरलेल्या अपेक्षेत आहे.

४

दोह्याच्या सामन्यानंतर भारतीय चाहत्यांत उमटलेल्या प्रतिक्रियांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. पहिला वर्ग म्हणजे या बरोबरीला विजयच मानणाऱ्यांचा. दुसऱ्याने सारे श्रेय गोलरक्षकाला देऊन त्याला एकट्यालाच नायक केले. तिसऱ्याने दैवाचा हवाला दिला: इतक्या फटक्यांपैकी एकही आत जात नाही, हा योगायोग होय. चौथ्याने गुणतक्त्याकडे बोट दाखवून 'मिळाला तो एक गुण' असा कोरडा हिशेब केला. या चारही प्रतिक्रिया सामना संपल्यानंतरच्या, म्हणजे अर्थ लावण्याच्या आहेत. सामना चालू असतानाची प्रतिक्रिया याहून वेगळी असते आणि आस्वादाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची.

भरताने नाट्यप्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना प्रेक्षकांच्या प्रतिसादाचे जे वर्गीकरण केले आहे, ते येथे आश्चर्यकारकपणे उपयोगी पडते. मानुषी सिद्धीत तो वाणीचे आणि शरीराचे असे दोन प्रतिसाद मानतो. स्मित, हास्य, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' हे उद्गार आणि मोठा घोष हे वाणीचे. रोमांच, आसनावरून उठून उभे राहणे, वस्त्र वा अंगठी बहाल करणे हे शरीराचे. फुटबॉलच्या प्रेक्षागारात यांपैकी अंगठीचे दान सोडल्यास बहुतेक सारे आढळते. परंतु भरताने यांच्याही वर दैवी सिद्धी मानली आहे. तिच्या एका लक्षणात शब्द नाही, क्षोभ नाही आणि रंगस्थान मात्र पूर्ण भरलेले आहे. अटीतटीच्या बरोबरीच्या अखेरच्या मिनिटांत पाठीराख्यांवर जी स्तब्धता पसरते, ती या अवस्थेच्या जवळ जाणारी आहे. मात्र तीत भयाचा अंश असतो, हे विसरता कामा नये.

हे भय कोठून आले, हेही पाहिले पाहिजे. १४ जानेवारी २०१९ रोजी शारजा येथे आशिया चषकाच्या गटसाखळीत भारत बहारीनविरुद्ध गोलशून्य बरोबरी राखून होता. तेवढी बरोबरी टिकली असती, तर भारत बाद फेरीत गेला असता. भरपाई वेळेत दिल्या गेलेल्या पेनल्टीवर गोल झाला आणि भारत स्पर्धेबाहेर पडला. पुढे दोह्याच्या सामन्याच्या अवघ्या पाच दिवस आधी, ५ सप्टेंबरला गुवाहाटी येथे, छेत्रीच्या गोलाने मिळालेली आघाडी ओमानविरुद्ध अखेरच्या दहा मिनिटांत गेली आणि सामना १-२ असा हातातून निसटला. दोह्यात ऐंशीवे मिनिट उलटले, तेव्हा पाठीराखा केवळ समोरचा खेळ पाहत नव्हता. शारजा आणि गुवाहाटी येथील अखेरची मिनिटेही त्याच्या डोळ्यांपुढे होती. रसशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर स्मृती, शंका, त्रास आणि औत्सुक्य हे संचारी भाव एकापाठोपाठ एक येत होते आणि त्यांना उद्दीपित करीत होते ते घड्याळ.

अंतिम शिट्टी झाल्यावर या संचारी भावांची जागा ज्या भावाने घेतली, त्याला हर्ष म्हणणे अपुरे आहे. भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत 'धृती' नावाचा एक भाव आहे. जे प्राप्त झाले त्याचा उपभोग घेणे आणि जे अप्राप्त राहिले, गेले वा नष्ट झाले त्याचा शोक न करणे, हे तिचे अनुभाव सांगितलेले आहेत. झुंजीच्या बरोबरीनंतरच्या समाधानाचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण आहे. एक गुण मिळाला, त्याचे सुख आहे. दोन मिळाले नाहीत, त्याचे दुःख नाही. उदांता सिंगचा फटका बाहेर गेल्याची हळहळही या समाधानात विरून जाते.

येथेच पहिल्या भागातील आक्षेपाला काही उत्तर मिळते. विजयाच्या हर्षात प्रेक्षक स्वतःच्या लाभाने विवश होतो, पराभवाच्या विषादात स्वतःच्या हानीने. बरोबरीत या दोन्ही विवशतांचा जोर ओसरतो. जिंकले काय आणि हरले काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते आणि मन आपोआप 'खेळले कसे' या प्रश्नाकडे वळते. क्रीडाप्रेक्षकाचा लौकिक भाव आस्वादाच्या सर्वांत जवळ येण्याचा जर कोणता क्षण असेल, तर तो हाच होय.

५

परकेपणाचा विचार मात्र याहून गुंतागुंतीचा आहे. दोह्याचे मैदान भारतीय संघाला परके होते. पण तेथे जमलेल्या भारतीय प्रेक्षकांना ते कितपत परके होते? कतारमधील परदेशी रहिवाशांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. आखाती देशांत नोकरीसाठी जाण्याची रत्नागिरी जिल्ह्याची परंपरा तर अनेक दशकांची आहे. केरळ, कोकण आणि इतर प्रांतांतील जो माणूस त्या शहरात वर्षानुवर्षे राबतो, त्याच्या दृष्टीने ते शहर रोजच्या श्रमाचे आहे, परंतु 'आपले' नाही. त्या शहरात त्याच्या देशाचा संघ यजमानांच्या बरोबरीला उभा राहिला, या घटनेला त्याच्या लेखी केवळ क्रीडामूल्य राहत नाही. 'बरोबरी' या शब्दाचा सामाजिक अर्थ येथे जागा होतो. मराठीत एखाद्याची 'बरोबरी करणे' म्हणजे त्याच्या तोलाचे असल्याचा दावा करणे होय. विजयाने श्रेष्ठत्व सिद्ध होते; बरोबरीने समानता. आणि परमुलखात राबणाऱ्या माणसाला श्रेष्ठत्वापेक्षा समानतेचीच ओढ अधिक असणे स्वाभाविक आहे. परक्या मैदानावरील बरोबरीने प्रेक्षक इतका का भारावतो, याचे एक महत्त्वाचे कारण येथे आहे.

जो प्रेक्षक आपल्या गावी राहून दूरचित्रवाणीच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असा सामना पाहतो, त्याचे स्थान याच्या उलट आहे. रत्नागिरी शहराला लागून असलेले आणि औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाणारे मिरजोळे हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. येथील प्रेक्षकाला दोह्याचे मैदान दुहेरी अंतरावरचे आहे. पण स्पर्धा पाहण्याची आणि पक्ष घेण्याची त्याची परंपरा फुटबॉलहून जुनी आहे. रत्नागिरीच्या परिसरात गणेशोत्सवात जाखडीचे नाच रंगतात आणि त्यांत शक्तिवाले व तुरेवाले यांचे सवालजवाब होतात. दोह्याचा सामनाही योगायोगाने भाद्रपदातल्या याच दिवसांत झाला. २०१९ साली अनंत चतुर्दशी १२ सप्टेंबरला होती.

शक्ती-तुऱ्याच्या सामन्याचे स्वरूप या संदर्भात फार बोधप्रद आहे. तुरेवाले शिवाचे श्रेष्ठत्व सांगतात, शक्तिवाले शक्तीचे. एकाने प्रश्न टाकावयाचा, दुसऱ्याने तो गाण्यातून सोडवावयाचा, आणि उलट सवाल करावयाचा. श्रोते उघडपणे आपापल्या बाजूचे असतात. तरी या वादाचा निकाल तत्त्वतः लागणारच नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. कारण शिव आणि शक्ती ही परस्परांवाचून अपूर्ण होत, हाच त्या परंपरेचा आधार आहे. अशा सामन्याचा जाणता श्रोता आपल्या शाहिराचा जयघोष करतो आणि प्रतिपक्षाचा सवाल बिनतोड निघाला, तर त्यालाही दाद देतो. पक्षाभिमान आणि आस्वाद यांचे सहास्तित्व शक्य आहे, याचा हा घरचा पुरावा होय. अभिनवगुप्ताने सांगितलेले विघ्न पक्ष घेतल्याने अटळपणे येते असे नाही. प्रतिपक्ष दिसेनासा झाला म्हणजे ते येते.

६

या कसोटीवर दोह्याच्या सामन्यानंतरच्या चार प्रतिक्रिया पुन्हा तपासल्या पाहिजेत. दैवाचा हवाला देणारी प्रतिक्रिया बचावफळीचे कर्तृत्व पाहत नाही. एकट्या गोलरक्षकाला नायक करणारी इतर दहा जणांना विसरते. गुणतक्त्याचा हिशेब करणारी तर खेळच पाहत नाही. तथापि सर्वांत अधिक चिकित्सा करण्याजोगी प्रतिक्रिया पहिली आहे, कारण ती सर्वांत लोकप्रिय आहे. अशा बरोबरीला 'नैतिक विजय' म्हणण्याचा प्रघात मराठी क्रीडालेखनात रुळलेला आहे. या शब्दप्रयोगाने धृतीच्या जागी गर्व हा दुसराच व्यभिचारी भाव आणून बसविला जातो. ज्या क्षणी बरोबरीला विजय म्हटले, त्या क्षणी प्रतिपक्षाला पराभूत ठरविले गेले. मग त्याचे वीसाहून अधिक फटके, त्यामागील रचना, चेंडूवरील त्याचा ताबा हे सारे नजरेआड करावे लागते. परंतु कतारच्या आक्रमणाचे सामर्थ्य वजा केले, तर भारताच्या बचावाचे मोल तरी काय उरते? बरोबरी कठीण होती म्हणूनच ती मोलाची होती, आणि ती कठीण केली ती प्रतिपक्षाने. त्याला नाकारणे म्हणजे स्वतःच्या आनंदाचा आलंबनविभावच नाकारणे होय.

याच्या उलट टोकाचा दोषही टाळला पाहिजे. बा. सी. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद आणि विरोध यांच्याबरोबर समतोलाचा विचार केला आहे. तो ऐकून माहीत असलेल्या एखाद्या अभ्यासकाला गोलशून्य बरोबरी ही समतोलाचीच आकृती वाटण्याचा संभव आहे. तसे मानणे चुकीचे ठरेल. गोलफलकावरील ०-० हा अंकांचा समतोल आहे. खेळाची प्रत्यक्ष घडण विरोधाची होती. एक बाजू सतत येत होती आणि दुसरी सतत परतवीत होती. प्रेक्षकाने अनुभवली ती ही विषमता आणि तिच्यातून अखेरपर्यंत न ढळलेली सम संख्या. फलक वाचून या अनुभवाची कल्पना येत नाही.

फलक हे रसाचे अधिष्ठान नव्हे, याची दोन प्रमाणे देता येतील. पहिले क्रिकेटमधील आहे. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये ओव्हलच्या मैदानावर ४३८ धावांचा पाठलाग करताना भारताने ८ बाद ४२९ अशी मजल मारली. सुनील गावसकरांनी २२१ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला. हीदेखील परक्या मैदानावरील झुंजार बरोबरीच; परंतु तिच्या स्मरणात धृतीपेक्षा हळहळ अधिक आहे. नऊ धावा राहिल्या, ही गोष्ट चाहते विसरत नाहीत. दोह्यातील बरोबरी राखलेली होती. ओव्हलवरील बरोबरी विजयाच्या उंबरठ्यावर थांबलेली होती. निकालाची जात एक असूनही भाव निराळे.

दुसरे प्रमाण अधिक निर्णायक आहे. दोह्यानंतर महिनाभराने, १५ ऑक्टोबर २०१९ रोजी, कोलकात्याच्या विवेकानंद युवा भारती क्रीडांगणावर भारताचा सामना बांगलादेशाशी झाला. क्रमवारीत बांगलादेश भारताहून फारच खाली होता. फ्री किकवर आलेल्या चेंडूचा अंदाज चुकला आणि साद उद्दीनने बेचाळिसाव्या मिनिटाला पाहुण्यांना आघाडी मिळवून दिली. अंदाज चुकला तो दोह्याच्या नायकाचाच, गुरप्रीतचा. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आदिल खानने बरोबरी साधली. गुण पुन्हा एकच. पण प्रचंड संख्येने जमलेले भारतीय प्रेक्षक खिन्न होऊन परतले. बांगलादेशाच्या पाठीराख्यांच्या दृष्टीने हीच बरोबरी परक्या मैदानावर झुंजून मिळविलेली होती. मात्र हातातील विजय दोन मिनिटांवर निसटल्याची चुटपुटही तिला होती. एका फलकाचे दोन भाव, आणि त्यांतील एकात पुन्हा दोन छटा. महिन्यापूर्वी ज्यांनी बरोबरीला विजय म्हटले होते, त्यांची निराशा विशेष तीव्र असणे क्रमप्राप्त होते. आशियाच्या विजेत्यावर 'विजय' मिळविणाऱ्या संघाने बांगलादेशाला सहज हरवावयास हवे, हा तर्क त्यांच्याच शब्दाने निर्माण केलेला होता. दोह्यात मिळाली ती बरोबरीच होती, एवढे ज्यांनी ध्यानात ठेवले, त्यांना कोलकात्याचा निकाल रुचला नसला तरी अनाकलनीय वाटण्याचे कारण नव्हते. फेरीअखेर भारताच्या खात्यात आठ सामन्यांतून एक विजय, चार बरोबरी आणि तीन पराभव असे सात गुण जमा झाले. संघाच्या सामर्थ्याचे हे माप दोह्याच्या रात्रीशी विसंगत नाही. 'विजया'शी मात्र विसंगत आहे.

७

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. परक्या मैदानावरील झुंजार बरोबरीने पाठीराख्यास होणारा आनंद विजयाच्या हर्षाचा दुय्यम प्रकार नसून तो धृतीच्या जातीचा स्वतंत्र भाव आहे. त्याचे अधिष्ठान फलकावरील अंकांत नसून पूर्वस्मृती, अपेक्षा आणि परकेपणाची जाणीव यांत आहे. म्हणूनच समान निकालातून भिन्न, किंबहुना विरुद्ध भाव निष्पन्न होऊ शकतात. आणि या भावात आस्वादाला जो वाव मिळतो, तो प्रतिपक्षाचे सामर्थ्य डोळ्यांपुढे ठेवल्यासच टिकतो.

यांतील तिसरी गोष्ट केवळ क्रीडेपुरती मर्यादित नाही. लोकसमूह आपल्या यशापयशाला कोणते शब्द देतो, यावर त्याची पुढील अपेक्षा आणि पुढील निराशा अवलंबून असते. बरोबरीला बरोबरी म्हणण्यात कमीपणा नाही, हे शक्ती-तुऱ्याच्या श्रोत्याने पूर्वीच जाणले आहे. आखाड्याच्या 'निकाली' परंपरेबरोबर या दुसऱ्या परंपरेचाही अभ्यास झाला, तर मराठी क्रीडाप्रेक्षकाच्या आस्वादाचे अधिक पूर्ण चित्र हाती येईल. जाखडीच्या रात्री प्रतिपक्षाच्या सवालाला श्रोते कोणत्या शब्दांनी दाद देतात, याची गावोगाव फिरून केलेली नोंद हे त्या अभ्यासाचे पहिले साधन ठरेल.